खडकीच्या बिरादरीचे सारंग

हसन सारंगांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. मी खडकीच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. मराठ्यांच्या आरमाराचा धडा चालू होता आणि इंग्रज आपल्या दर्यावर्दींना चाचे म्हणत, एवढं सांगून मी पुढे सरकलो होतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पांढऱ्या दाढीचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा शिक्षकांच्या खोलीत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"अहो मास्तर, इंग्रज काय म्हणत ते नातीने घरी येऊन सांगितलं. आपण काय म्हणतो ते कधी शिकवणार?"

मी पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवलं.

"पुस्तक राहू द्या. आपल्या किनाऱ्याने जायचं तर आपला परवाना घ्यायला नको? घेतला नाही, म्हणून जहाजं धरली. जकात मागणारा चोर आणि चुकवणारा साव, हा कुठला न्याय?"

तो धडा मी पुन्हा शिकवला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट शिकवला.

सारंग हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. कोकणातल्या खाडीकाठून निघून त्यांनी उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं होतं. मुलगा दारूगोळा कारखान्यात लागला, म्हणून म्हातारपणी त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. पुण्यात समुद्रावरून परतलेले असे बरेच जण आहेत, हे त्यांनीच शोधून काढलं. कुणी खलाशी, कुणी इंजिनखात्यातला, कुणी जहाजावरचा स्वयंपाकी. त्या सगळ्यांची त्यांनी बिरादरी उभी केली. रविवारी सकाळी माझा वर्ग त्यांना मिळाला. मुलांच्या बाकांत ती दांडगी माणसं गुडघे दुमडून बसत. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण टोमणा काही सोडला नाही. "खडकीला बोट कुठल्या फलाटावर लागते हो?"

बिरादरीचे नियम मी लिहिले आणि सारंगांनी सांगितले. तेव्हा मात्र मी चाट पडलो.

"आपले लोक चाचे नव्हते, ते वेगळं," ते म्हणाले. "पण पश्चिमेच्या दर्यात खरे चाचे होते ना, त्यांच्या दोन गोष्टी आपण घ्यायच्या."

एका लांबच्या सफरीत जहाजावरच्या रेडिओवाल्याने त्यांना चाच्यांचा इतिहास वाचून दाखवला होता. चाचे आपला कप्तान मतं देऊन निवडत, आणि तो नकोसा झाला तर मतं देऊनच उतरवत. लुटीतून आधी हातपाय गमावलेल्याला भरपाई मिळे, मग इतरांना वाटा. "लुटारूंना कळलं ते आमच्या कंपनीला कळलं नाही," असं सारंग नेहमी म्हणत.

म्हणून नियम ठरले. जहाजावरचा हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. प्रमुख हात वर करून निवडायचा आणि हात वर करूनच काढायचा. जायबंदी सभासदाची जागा पहिल्या बाकावर, तिथून त्याला कुणी उठवायचं नाही. मयेकर नावाच्या खलाशाचा उजवा हात दोर ओढणाऱ्या विंचमध्ये सापडून मनगटापासून गेला होता. पहिला बाक त्यांचा. प्रमुख अर्थात सारंग.

तिसऱ्या वर्धापनदिनाला एक निवृत्त कप्तान आले. सारंगांनी त्यांच्या हाताखाली दहा वर्षं काढलेली. साहेब दारात दिसताच सारंग ताडकन उभे राहिले. "सलाम साब!" आणि मयेकरांकडे वळून म्हणाले, "ऊठ रे, साहेबांना बसू दे."

मयेकर मुकाट्याने उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं, ते बसले. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, याची मला अजून लाज वाटते.

मग सारंग भाषणाला उभे राहिले. साहेबांना मोठ्या अभिमानाने बिरादरीचे नियम सांगू लागले. "आणि आमचा जायबंदी माणूस बसतो पहिल्या..." इथे ते थांबले. भिंतीशी उभ्या मयेकरांकडे बघत राहिले. चेहरा पार उतरला.

"मास्तर, लिहून घ्या. प्रमुखाने नियम मोडला. त्याला काढायचं असेल त्यांनी हात वर करा."

कप्तानसाहेब गोरेमोरे होऊन बाकावरून उठले. "अहो सारंग, चूक माझी आहे."

"तुमची नाही, साहेब. माझ्या पाठीच्या कण्याची आहे." मग सभासदांकडे वळून ते गरजले, "करता ना हात वर? का माझी बिरादरी मीच खोटी पाडू?"

एकही हात वर जाईना. शेवटी मयेकरांनी डावा हात उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग एकेक करत सगळे हात वर गेले. सारंगांनी शांतपणे मोजले, प्रमुखाची खुर्ची सोडली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्याच बैठकीत मयेकर प्रमुख झाले.

त्यानंतर आठ वर्षं सारंगांनी एकही रविवार चुकवला नाही. खडकीत कुणीही भेटलं की छाती काढून सांगत, "मला काढलं! माझ्या तोंडावर, उघड हात वर करून!" इतका अभिमान मी निवडून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही.

ते गेले, त्या रविवारी शोकसभा भरली. मी फळ्यावर त्यांचं नाव लिहून खाली 'संस्थापक' असं लिहिलं. मयेकर उठले. माझ्या हातातून डस्टर घेऊन त्यांनी तो शब्द पुसला, आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्या जागी 'सभासद' लिहिलं.