साहेबांची जुनी गाडी

साहेबराव दाभाडे यांनी अकरा वर्षं एकाच कंपनीच्या मॅनेजरची गाडी चालवली. घर मुकुंदवाडीत, कंपनी शेंद्र्याला. शेवटची सात वर्षं त्यांच्या हातात एक पांढरी, सात सीटची, डिझेलवरची मोठी गाडी होती. २०१४ साली कंपनीनं नवी गाडी घेतली, ड्रायव्हरचं काम ठेकेदाराला देऊन टाकलं आणि साहेबरावांना सांगितलं, ठेकेदाराकडं जा, नाहीतर हिशेब घ्या. त्यांनी हिशेब घेतला आणि त्याच पैशात जुनी गाडी मागून घेतली.

"दुसऱ्याची गाडी घ्यायची म्हंजी आंधळा सौदा," ते बायकोला म्हणाले. "हिची नस नि नस मला ठावं हाये. कोणत्या खड्ड्यात काय वाजतं ते बी सांगतो."

सत्यभामाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. नळाला तेव्हा चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि घरासमोर एक छोटा हौद बांधून घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी त्या थोडे थोडे बाजूला टाकत होत्या.

"भाड्यानं चालवली की गाडीच बांधून दील तुझा हौद," साहेबराव म्हणाले.

गाडी त्यांना खरोखरच ठावी होती. ठाऊक नव्हता तो तिचा खर्च. इतकी वर्षं गाडी सर्व्हिसला सोडायची, चहा प्यायचा, कागदावर सही करायची आणि किल्ली घेऊन निघायचं, एवढंच त्यांचं काम. आकडा परस्पर ऑफिसात जायचा. आता आकडा त्यांच्याकडं बघायला लागला. भाड्यानं चालवायची म्हणून पिवळी पाटी करून घ्यायला आरटीओत महिनाभर खेटे झाले. मग विमा, पासिंग. पासिंगसाठी चार टायर. टायर घातले तर क्लच घसरायला लागला. क्लच झाला तोवर उन्हाळा आला आणि एसीचा कॉम्प्रेसर बसला. एसीशिवाय मोठी गाडी कोण बोलावणार?

काम नव्हतं असं नाही. शेंद्र्यापासून बिडकीनपर्यंत सगळीकडं मोजण्या, खुणा, रस्ते चालू होते. पुण्याहून जागा बघायला माणसं यायची, सर्व्हेवाले यायचे. पण जिथं काम होतं तिथं अजून धड रस्ता नव्हता. उकरलेल्या मुरमातून दिवसभर हिंडायचं आणि संध्याकाळी पुढच्या चाकाखालून कटकट ऐकत घरी यायचं. भाड्याचे पैसे खिशात असायचे, पण त्यातले घरी किती न्यायचे आणि गॅरेजला किती द्यायचे हे ती कटकट ठरवायची.

गॅरेज हमीदमामूंचं, चिकलठाण्याच्या वळणावर. मामूंनी दुसऱ्याच वर्षी रेडिएटर उघडून दाखवला. आत क्षारांचा पांढरा खडक जमला होता.

"साहेबराव, बोरिंग का पानी डाले ना तुम?"

"मग काय टाकू मामू? नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय. घरात प्यायला पुरत नाय."

"कूलंट डालो. नहीं तो एक दिन इंजिन का हेड उठ जाएगा. फिर मेरे कू मत बोलना."

कूलंटच्या डब्याची किंमत विचारून साहेबराव "पुढच्या महिन्यात टाकू" म्हणाले. आतली जाळी तेवढी साफ करून घेतली. त्यानंतर जिथं बोअर दिसेल तिथं ते टोपण उघडून पाणी ओतत राहिले. आपण चूक करतोय हे त्यांना कळत होतं. रोज कळत होतं.

२०१६चा मे. पिशोरला एक लग्न होतं, नवऱ्या मुलाचे मामा काकासाहेब आणि घरचे पाचजण गाडीत. कन्नड सोडल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. साहेबरावांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, शेवटी एका वस्तीशी गाडी थांबवली. बॉनेटखालून वाफ येत होती. डिकीतली पाण्याची बाटली रिकामी होती.

वस्तीवर एक म्हातारी दारात बसली होती. साहेबरावांनी पाणी मागितलं. तिनं आतून तांब्या भरून आणला. ते घटाघटा प्यायले आणि तांब्या परत देताना म्हणाले, "मावशी, एक बादली गाडीला भेटल का?"

म्हातारीनं गाडीकडं बघितलं.

"माणसाला देते बाबा," ती म्हणाली. "गाडीला नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. भिंतीशी तीन घागरी होत्या, दोन पालथ्या. साहेबरावांनी मान हलवली आणि ते परत फिरले.

"तासभर थांबावं लागंल. गार होऊ द्या," ते काकासाहेबांना म्हणाले.

"तासभर? अहो, मुहूर्त काय तुमच्या गाडीला विचारून काढलाय? पाच किलोमीटर राहिलंय. चला हळूहळू."

साहेबरावांनी नाही म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं मागच्या सीटवरून 'चला' आलं की ते निघत आले होते. ते निघाले. चौथ्या किलोमीटरला गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली. काकासाहेब माणसं घेऊन मिळेल त्या जीपनं गेले, भाडं न देता.

गाडी ओढून आणायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. मामूंनी ऑइलची काडी काढून दाखवली. ऑइल दुधाळ झालं होतं, त्यात पाणी मिसळलं होतं. हेड घासायचं, गॅस्केट, नवा रेडिएटर. मामू एवढंच म्हणाले, "बैठो. चाय पियो."

हौदासाठी बाजूला ठेवलेले पैसे सत्यभामाबाईंनी स्वतःहून काढून दिले.

"बांधून घ्या इंजिन," त्या म्हणाल्या. "आन् मग इकून टाका तिला. तुम्ही झोपंत बी गेर बदलायलेत. मला दिसतंय."

जुन्या गाड्यांच्या एजंटनं सल्ला दिला, इंजिन धुऊन आणा आणि तोंड बंद ठेवा. साहेबरावांनी इंजिन धुतलं. पण करमाडजवळच्या वस्तीवरचा कडुबा गाडी बघायला आला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"दादा, एक सांगतो. हेड उघडलेलं हाये. मामूंनी चांगलं बांधलंय, पण लांब पळवाल तर भरवसा नाय."

एजंट तोंड फिरवून उभा राहिला. कडुबाचं लक्षच नव्हतं. तो मागचं दार उघडून वितीनं आतली जागा मोजत होता.

"मागच्या सीटा निघत्यात का?"

"निघत्यात. पर कामून?"

"पाचशे लिटरची टाकी बसवायची. सात म्हशी हायेत माझ्या. पाणी चार किलोमीटरवर. टेम्पोवाले दुप्पट मागायलेत."

"अहो, वजनानं मागच्या कमानी बसतील. पाणी सांडून खालचा पत्रा सडंल."

"सडू द्या. पाऊस पडंस्तोर चालली म्हंजी झालं."

खऱ्या बोलण्याचे एजंटनं वीस हजार कमी करवले. साहेबरावांनी घासाघीस केली नाही. त्यांनी पाना मागितला आणि स्वतःच आत शिरून सीटचे नट सोडवले. एक नट गंजून बसला होता, तो त्यांनी रॉकेल टाकून हलक्या हातानं काढला. दोन्ही सीटा काढून झाडाखाली ठेवल्या आणि किल्ली कडुबाच्या हातात दिली. रिकामी गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त वाजली. कुठून वाजतंय हे सांगायला त्यांनी हात वर केला, पण तोवर ती जालना रोडला लागली होती.

पुढच्या आठवड्यात ते ठेकेदाराकडं गेले. कामगारांची बस होती, पगार जुन्यापेक्षा दीड हजारानं कमी. सोमवारपासून यायला सांगितलं. रविवारी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि गाढ झोपले; हात एकदाही गिअरकडं गेला नाही. कुणीतरी हाक मारत आलं, तर सत्यभामाबाईंनी दारातूनच खुणेनं त्याला परत पाठवलं.