आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग येत नाही

फोनची मेमरी भरली की फोटो डिलीट करता येतात, किस्से कुठे करणार? आमचा तिघांचा ग्रुप कॉलेजात समाजसेवेच्या तासाला बनला. तळवड्याचा ओंकार, निघोज्यात रूम घेऊन राहणारी लातूरची प्राजक्ता आणि दिघीची मी. सर म्हणाले होते, "परिसरातला एखादा प्रश्न हाती घ्या." तास संपले, मार्क मिळाले, ग्रुप मात्र राहिला. आणि किस्से साठत गेले.

*

पहिली तक्रार ओंकारच्या गल्लीपुढच्या उघड्या चेंबरची. फोटो आम्ही महापालिकेच्या तक्रारींच्या ॲपवर टाकला, पण ओंकारच्या घरी बसून. त्यामुळे लोकेशन गेलं ते त्याच्या घराचं! दुसऱ्या दिवशी दोन कर्मचारी नवं झाकण घेऊन दारात हजर. "चेंबर कुठंय?"

ओंकारच्या आईला कशाचीच कल्पना नाही. ती म्हणाली, "चेंबर न्हाई बा हितं. च्या हाय, घ्या!"

त्यांनी चहा घेतला आणि चेंबरही शोधलं. तेव्हापासून गल्लीत काही बिघडलं की लोक ॲप उघडत नाहीत, ओंकारच्या आईला सांगतात.

*

एकदा फॉरवर्ड आला, लहान बाळाला तातडीने रक्त हवंय. ओंकारचा रक्तगट जुळत होता. लेक्चर सोडून निघालो. वाटेत प्राजक्ताने त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ताई, मेसेज फार जुना आहे. ते बाळ आता शाळेत जातं!"

आम्ही ओशाळलो. "सॉरी काका, उगाच त्रास दिला."

"त्रास कसला? मी पोराला सांगतो, बघ, अजून कोणीतरी तुझ्यासाठी निघालंय."



*

इंद्रायणीचा घाट साफ करायचा म्हणून मी झकास पोस्टर बनवलं, दिसेल त्या ग्रुपवर टाकलं. अंगठेच अंगठे! रविवारी सकाळी घाटावर मात्र आम्हीच तिघं.

पुढच्या वेळी ओंकारने पोस्टर केलंच नाही, तो गल्लीत दारोदार फिरला. घाटावर ही गर्दी! एका काकांना मी विचारलं, "मागच्या वेळी मेसेज पाहिला नव्हता का?"

"पाह्यला की! पण मोबाईलवर रोज कुनीतरी बोलवतंच. ह्यो दारात आला, आता न्हाई कसं म्हनायचं?"

*

प्राजक्ताने मतदार यादीतलं नाव इकडे हलवायचं ठरवलं. मोबाईलवर अर्ज भरता भरता तिने वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "राहू दे की बाई हितंच. मतदानाच्या निमित्तानं तरी गावाकडं येशील."

अर्ज अजून अर्धाच भरलेला आहे.

*

प्राजक्ताच्या रूमसमोर जिल्हा परिषदेची शाळा आहे. त्या रस्त्यावरून कंटेनर भरधाव जातात. एकदा एक चिमुरडी थोडक्यात वाचली. प्राजक्ताने खिडकीतून रस्त्याचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, "इथे गतिरोधक हवा." ग्रुपचा ॲडमिन म्हणजे तिच्या घरमालकीणबाईंचा, शेवंतामावशींचा मुलगा. त्याचे स्वतःचे टेम्पो त्याच रस्त्याने धावतात. त्याने तिला ग्रुपमधूनच काढून टाकलं!

मग ती ग्रामसभेला गेली. आम्ही दोघं मागे उभे. ती बोलायला उठली तसा तो ओरडला, "भाडेकरूंनी न्हाई बोलायचं हितं! आज हाय, उद्या जाईल."

कुजबुज सुरू झाली. सरपंचबाईंनी विचारलं, "तू कुनाची गं?"

"मी... लातूरची."

"तसं न्हाई. गावात कुनाची?"

बायकांच्या रांगेतून शेवंतामावशी उठल्या. मुलाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"माझी हाय. बोलू द्या तिला."

ती बोलली. ठराव झाला, आणि पुढे गतिरोधकही झाला.

त्या दिवशी घरी जाताना प्राजक्ताने विचारलं, "मावशी, दादा चिडला असेल ना? तुम्ही कशाला..."

मावशी झपाझप चालत होत्या.

"पाय उचल आधी. मोटर चालू ऱ्हायलीय, टाकी वाहत आसंल!"