पोपटची धुरी

गोदाबाई आणि पोपट यांची पहिली भेट झाली तेव्हा बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमधून जो आवाज उठला, तो थेट मंडईत ऐकू गेला आणि तिथल्या भाजीवाल्या क्षणभर भाव सांगायच्या थांबल्या, असं तिसऱ्या मजल्यावरची अपूर्वा शपथेवर सांगते. पोपट म्हणजे तळहाताएवढं मांजराचं पिल्लू. एका स्कूटरच्या इंजिनापाशी अडकून ते किंचाळत होतं. गोदाबाईंनी आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा पिल्लू त्याला चारी पायांनी आणि झाडून सगळ्या दातांनी लटकलेलं होतं. बाईंनी हात झटकला, ते सुटेना. दुसऱ्या हाताने ओढलं, तर ते दुसऱ्या हाताला लटकलं. वॉचमन मदतीला धावला, त्याने काठी उगारली आणि ती बाईंच्याच खांद्यात घातली. शेवटी कोपरापर्यंत रक्ताळलेल्या गोदाबाई पिल्लासकट आपल्या तळमजल्याच्या खोलीत शिरल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "लई ताकद हाय लेकराच्या अंगात. जगंल."

किंचाळण्यावरून त्याचं नाव पोपट पडलं. अपूर्वाने बाईंना ओढत नेऊन रेबीजची इंजेक्शनं घ्यायला लावली. तिथेही बाईंनी नर्सला सुई कशी धरायची ते शिकवलं.

गोदाबाईंचा धंदा तान्ह्या मुलांना तेल लावून न्हाऊ घालण्याचा. बाहेरून बघणाऱ्याला तो हाणामारीचाच प्रकार वाटायचा. बाई न्हाणीघरात पाटावर बसत, पाय लांब सोडत, नडग्यांवर मूल पालथं टाकत आणि त्याला असं मळत, की कणीक असती तर पोलिसात गेली असती. आत मूल टाहो फोडी, दाराबाहेर आई रडे, आणि आजी आईला दटावे. आज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले दाढीवाले पुरुष जिन्यात गोदाबाई दिसल्या की नकळत अंग चोरून घेतात. आंघोळीनंतर धुरी. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, आणि त्या धुरावर मूल धरायचं. सर्दी, पोटदुखी, दृष्ट, हट्टीपणा, सगळ्यांवर तोच इलाज. "माझ्या हातचं लेकरू चिपड्या डोळ्यांचं ऱ्हायलेलं दाखवा," असं त्यांचं उघड आव्हान होतं.

आणि पोपटचे दोन्ही डोळे चिपडांनी चिकटले. नाक वाहू लागलं. शिंक आली की ते इवलंसं अंग मागच्या मागे कोलमडायचं.

अपूर्वाने फोनमध्ये डोकं घालून निदान केलं. "गोदाबाई, हा हर्पीस व्हायरस आहे. मांजरांमध्ये खूप कॉमन असतो. लायसिन म्हणून एक सप्लिमेंट येतं, मी ऑर्डर केलंय."

"म्हंजे काय?"

"पावडर. खाण्यात मिसळायची."

"नाक वाहतंय लेकराचं, आन् तुमी पावडर पोटात घालता?"

"मग तुम्ही काय करणार आहात?"

"न्हाऊ घालनार."

"अहो, मांजराला कोणी न्हाऊ घालतं का?"

"तुमाला घालत हुते तवा तुमी तरी कुटं गप बसला हुता?"

 अपूर्वाही त्याच नडग्यांवरून गेलेली होती.

त्या आंघोळीचं वर्णन नाजूक वाचकांनी सोडून द्यावं. पहिल्या तांब्याला पोपटने बाईंच्या मांडीत नखं रोवली. दुसऱ्या तांब्याला तो पदरावरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर चढला आणि अंबाड्यात शिरून लढू लागला. तेलाची वाटी उलटली, बाई घसरल्या, बादली त्यांच्या पाठीत बसली. बाहेर आल्या तेव्हा कपाळावरून रक्ताचा ओघळ वाहत होता आणि पिल्लू पंच्यात करकचून गुंडाळलेलं होतं. बाई म्हणाल्या, "निम्मं काम झालं."

उरलेलं निम्मं अपूर्वाने केलं. मासळीच्या भातात लायसिन कालवून तिने वाटी पुढे सरकवली. पोपटचं नाक बंद, वास येईना. जिभेला चव वेगळी लागली. त्याने तोंड फिरवलं. अपूर्वाने सिरिंजमध्ये भरून घशात घातलं, तर त्याने तिच्या अंगठ्यातून दात आरपार काढले. सकाळी बाईंचा हल्ला, संध्याकाळी ताईंचा. दोघी एकमेकींवर डाफरत होत्या, "तुमच्यामुळे त्यानं खाणं सोडलं" आणि "तुमच्या पावडरीनं त्येचं तोंड इटलंय." रणांगण मात्र तळहाताएवढं होतं आणि दिवसेंदिवस आणखी लहान होत चाललं होतं.

मग एकदा गोदाबाईंनी त्याला कोपऱ्यातून उचललं आणि त्याने नख मारलं नाही.

बाई पहिल्यांदा घाबरल्या. रडणाऱ्या पोराची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. न रडणारं पोर काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घाईघाईने शेगडी पेटवली, ओवा टाकला, सालं नेहमीपेक्षा दुप्पट टाकली आणि दुरडीखाली झाकून पोपटला धुरावर धरलं.

धूर लागताच मेल्यागत पडलेलं पिल्लू जिवंत झालं, आणि असं झालं की दुरडी छताला लागली. पोपट आगीच्या गोळ्यासारखा खोलीभर फिरला. शेगडी कलंडली, निखारे बाईंच्या पायावर सांडले, गोधडीने पेट घेतला. बाईंनी गोधडी पायांनी तुडवून विझवली, स्वतःला कपाटाखाली झोकून देऊन पोपटला शेपटीला धरून ओढलं, त्याने हाताची चाळण केली. अपूर्वा धावत आली तेव्हा दोघंही खोकत होती आणि पोपटचा डावा डोळा दुधासारखा पांढरा दिसत होता.

मांजरांच्या डॉक्टर सलोनी यांनी आधी पोपटला तपासलं, मग बाईंचे हात, मग अपूर्वाचा अंगठा तपासला.

"लायसिन बंद करा. त्याचा फारसा उपयोग होत नाही, असं आता दिसतंय. आणि त्यापायी त्याने खाणं सोडलं, ते जास्त वाईट. नाक मोकळं करायला बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ द्या. वाफ म्हणाले मी, धूर नाही. डोळ्यात जखम झाली आहे. थेंब दिवसातून चार वेळा."

गोदाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळं गेला का वो डोळा?"

"व्हायरसमुळे जात होता. तुम्ही मदत केलीत."

चार वेळा थेंब म्हणजे रोजच्या चार लढाया. दवाखान्यातला माणूस ज्याला धरू शकला नव्हता, त्याला गोदाबाई पाय लांब सोडून नडग्यांवर घेत, दोन घोट्यांमध्ये अंग आवळत, आणि "टाका ताई, म्या धरलाय" म्हणत. अपूर्वा थेंब टाकी. पोपट घोट्यांचे लचके काढी. जितका तो बरा होत गेला, तितका बाईंच्या पायांवरचा चावा खोल जात गेला, आणि बाई प्रत्येक चाव्याला "शाबास" म्हणत. आठवड्याभरात तो ओरडून भात मागू लागला.

गोदाबाई अजून पोरं न्हाऊ घालतात. धुरी मात्र देत नाहीत. कोणी आजी आग्रह करू लागली, तर ओवा आता पहिल्यासारखा मिळत नाही म्हणतात.

पोपटचा डावा डोळा शेवटी काढावा लागला. तो तिसऱ्या मजल्यावर अपूर्वाकडे राहतो आणि जिन्यात गोदाबाईंची पावलं वाजली की फ्रिजमागे जातो.