उपडा न झालेला केक

केक कापायला सुरी लागते, असं लोक म्हणतात. आमच्या घरी छिन्नी लागली.

मी काही शिकलेला माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातही चौथी धरू नका. पण बसवनगुडीत माझं टेलरिंगचं दुकान होतं आणि माझ्या हातची कॉलर कधी वाकडी बसली नाही. त्यामुळे मला कोणी काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. (आमची ही म्हणते, फिरतं कसलं, फिरलेलंच आहे. तिचं सोडा.)

आमचा मुलगा व्यंकटेश नोकरीला शहराबाहेर, पार इलेक्ट्रॉनिक सिटीत. तेव्हा तिकडे जायचं म्हणजे आम्हाला तमिळनाडूच्या वाटेला लागल्यासारखं वाटायचं! त्याला बायको मिळाली पुण्याची, मृणाल. पोरगी सोन्यासारखी. लग्नात मी व्याह्यांकडून चमचासुद्धा घेतला नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

आता या पोरीला माहेरी केक करायची सवय, आणि आमच्या घरात ओव्हन नाही. दसऱ्याला तिच्या वडिलांचा, म्हणजे वसंतरावांचा, फोन आला.

"अण्णासाहेब, मृणालला एक ओव्हन पाठवून देतो म्हणतो."

"कशाला? आमच्याकडे चूल पेटत नाही काय?"

"तसं नाही हो. केकला ओव्हनच लागतो."

"कोण म्हणतं? आमच्या कुकरात होतो केक!"

(कुकरात केक होतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं.)

वसंतराव हसले. पुण्याची माणसं फोनवर हसली तरी कळतं की चष्म्यावरून बघून हसतायत. म्हणाले, "ठीक आहे. कार्तिकात तुमच्याकडच्या शेंगांच्या जत्रेला येतोच आहे. तुमच्या कुकरातला केक खाऊ घाला. जमला, तर ओव्हनचं नाव काढणार नाही."

"आणि नाही जमला तर?"

"तर ओव्हन घरात घ्यायचा. कुरकुर न करता."

"सरी, ठरलं!" मी फोन आपटला. आता बघा, प्रश्न केकचा राहिलाच नाही. मुलीकडचा चमचा न घेणाऱ्या माणसाच्या घरात सबंध ओव्हन शिरणार की नाही, असा तो प्रश्न झाला.

मृणालने एक मासिक काढलं. त्यात 'शरदातला सोपा अपसाइड-डाउन केक' असा फोटो होता. तिने समजावलं, "अण्णा, डब्याच्या तळाला तूप-गूळ आणि अक्रोड लावायचे, वर पीठ ओतायचं. भाजला की ताटात उपडा करायचा. तळ वर येतो, अक्रोड वर दिसतात."

"म्हणजे आधी उलटं करायचं, मग सुलटं."

"हो!"

"अगं, मग हा तर माझा धंदा! कॉलर काय, पिशवी काय, आधी उलटी शिवायची, मग पालथी करायची. केक उपडा करायचं काम माझं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि अक्रोड कसले? कार्तिकात बसवनगुडीत राहून अक्रोड? शेंगदाणे घाल!"

जत्रेच्या सोमवारी सकाळी मी बसवण्णाला, म्हणजे देवळातल्या नंदीला, शेंगा वाहिल्या आणि ताज्या भाजलेल्या शेंगा पिशवी भरून आणल्या. मृणालने दाणे सोलून डब्याच्या तळाला असे गोल मांडले की मला काजबटणांची आठवण झाली. वर पीठ ओतलं, झाकण लावलं, आणि दोघं नवरा-बायको निघाली वसंतरावांना आणायला यशवंतपूर स्टेशनवर. जाताना पोरीने दारातून तीनदा सांगितलं:

"अण्णा, कुकराच्या तळाला दोन किलो मीठ पसरा. त्यावर डबा. शिट्टी नाही, रबर नाही, पाणी तर अजिबात नाही! पाऊण तासाने गॅस बंद. आणि मी येईपर्यंत उघडू नका."

दार लागलं आणि मी हिला म्हणालो, "दोन किलो मीठ जाळायचं? घरात लक्ष्मी राहील काय?"

ही म्हणाली, "पोरगी सांगून गेलीय ना, घाला की मुकाट!"

"तिला काय माहीत. आत्ता जत्रेत बघून आलो. एवढ्या गाड्या, पण शेंगा कशात भाजतात? वाळूत! मीठ घालतो काय कोणी? शेंगांचा केक वाळूतच भाजला पाहिजे."

समोरच्या घरावर मजला चढत होता. सिद्दप्पा मेस्त्री आणि त्याची माणसं जेवायला गेली होती. रस्त्यावर दोन ढीग होते. एक जाड्याभरड्या पिवळट वाळूचा. दुसरा प्लास्टिकखाली झाकलेला, बारीक, मऊ, करडा. मी दोन्हींत बोटं घातली. आयुष्यभर पोत बोटांनी ओळखलाय, डोळे मिटून टेरिकॉट आणि पॉपलिन वेगळं काढतो मी! पहिला ढीग म्हणजे गोणपाट. दुसरा म्हणजे रेशीम. मी रेशीम घेतलं. बादलीभर.

ही बघून म्हणाली, "अय्यो, ही वाळू स्वल्प करडी नाही काय?"

"उत्तम वाळू करडीच असते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बोटांनी."

मृणालने तळाला पसरा म्हटलं होतं. मी म्हटलं, कंजुषी कशाला? तळाला घातली, डबा ठेवला, आणि चारी बाजूंनी अशी ठासून भरली की डब्याचं फक्त झाकण वर राहिलं. कोटाच्या खांद्यात कापूस भरावा तशी. गॅस पेटवला आणि खुर्ची टाकून समोर बसलो.

थोड्या वेळाने वास यायला लागला. कोरडा, तापलेला वास. हा वास मी जन्मभर ओळखतो. गरम इस्त्री कोऱ्या कापडावर ठेवली की येतो, आणि त्यावर उपाय एकच, पाणी शिंपडायचं! पोरीने नको म्हटलं होतं खरं. पण तिने कधी इस्त्री केली होती काय? मी एक तांब्या घेतला आणि कडेकडेने शिंपडला. सगळा. वास गेला. मी मिशीला पीळ दिला आणि ओसरीत जाऊन बसलो.

(आता हे मला संध्याकाळी कळलं ते इथेच सांगून टाकतो. मी ओसरीत गेल्यावर ही स्वयंपाकघरात आली. लग्न झाल्यापासून हिने बिनपाण्याचा कुकर गॅसवर बघितलेला नाही. "फुटला तर दोघांचं एकदम उरकेल," असं म्हणून हिनेही एक तांब्या ओतला. आणि मला रागवायला नको म्हणून झाकण लावून गप्प बसली. असा आमचा संसार!)

गॅस बंद केला. कुकर तसाच बंद ठेवला, अगदी पोरीने सांगितल्याप्रमाणे. बघा, मी ऐकत नाही असं नाही.

गाडी उशिरा आली. मंडळी पोचली तेव्हा दिवे लागायला आले होते. ऑटोतून आधी वसंतराव उतरले आणि मग एक मोठा चौकोनी खोका.

"हे काय?" मी विचारलं.

"ओव्हन."

"अजून केक खाल्ला नाही तुम्ही!"

"असू दे हो. परत न्यायचा तर परत नेईन. सामान म्हणून आणला."

मी तो खोका ओसरीतच ठेवायला लावला. चपलांजवळ.

हात-पाय धुऊन झाले. मी कुकर उचलून बैठकीत आणला. जरा जड लागला, पण म्हटलं, व्याह्यांसमोर कण्हायचं नाही. टीपॉयवर ठेवला, चांदीचं ताट मांडलं, आणि झाकण काढलं. वास असा सुटला की वसंतरावांचा चष्मा वर गेला! गूळ, तूप, भाजके दाणे. डब्याचं झाकण काढलं, तर केक फुगलेला, सोनेरी, गालावर हात ठेवावा असा. मृणालने टाळी वाजवली.

"अण्णा, जमला!"

"जमणारच. आता बघ, कसा पालथा करतो."

मी डबा धरून उचलला. डबा उठला नाही. कुकर उठला.

"चिकटलाय स्वल्प," मी म्हणालो.

व्यंकटेशने कुकर धरला, मी डबा ओढला. मग मी कुकर धरला, त्याने डबा ओढला. मग आम्ही दोघांनी एकमेकांना ओढलं. डबा जागच्या जागी!

"वाळू खालून काढा ना," मृणाल म्हणाली. आणि मग थांबली. "वाळू? अण्णा, मी मीठ सांगितलं होतं."

"वाळू जास्त चांगली. बोट घालून बघ."

तिने बोट घातलं. बोट गेलं नाही. तिने नखाने खरवडलं. नख तुटलं.

"मग सगळा कुकरच पालथा करतो," मी म्हणालो. धरला दोन्ही कानांना आणि ताटावर उपडा केला. सगळे वाट बघत बसले. मी बुडावर थाप मारली. काही नाही. लाटण्याने ठोकलं. काही नाही. ही आतून खलबत्त्याचा बत्ता घेऊन आली. ठण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला, आणि शेजारच्या माडीवरून कोणीतरी विचारलं, "आरती सुरू झाली काय?"

पण ताटात पडलं काय? एक शेंगदाणासुद्धा नाही! गूळ थिजून केकही डब्याला धरून बसला होता.

वसंतराव कुकर तिरका करून बॅटरीने आत बघत होते. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, घाईने बोलत नाही. "अण्णासाहेब," ते म्हणाले, "हे वाळूचं काम वाटत नाही. हे पायाचं काम वाटतंय."

व्यंकटेश पळत जाऊन सिद्दप्पा मेस्त्रीला घेऊन आला. मेस्त्री छिन्नी-हातोडा घेऊनच आला. कुकरात बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"एन स्वामी इदु? काय हे? माझा माल आहे हा! तीन वाळूला एक सिमेंट घालून कोरडा कालवून ठेवला होता. जेवून आलो, तर ढीग कमी. मी माझ्या माणसाला शिव्या घातल्या!"

"पण सिमेंटला पाणी लागतं," मी म्हणालो. "पाणी मी फक्त एकच तांब्या..."

"एक तुम्ही घातला?" ही ओरडली. "मग एक मी घातला!"

"दोन तांबे," मेस्त्री मान डोलवत म्हणाला. "बरोब्बर माप." आणि त्याने छिन्नी लावून दोन घाव घातले. बोटभर टवका निघाला. त्याने तो दिव्याखाली धरून बघितला. "अण्णा, वरच्या मजल्याच्या स्लॅबला गरम पाण्यानेच काम करावं म्हणतो मी आता. फस्क्लास धरलंय! आणखी मारू? पण मग कुकर राहणार नाही."

"कुकर आता तसाही आहे कुठे?" ही म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. हसत होती! मग मृणाल हसली, मग व्यंकटेश, मग मेस्त्री. मी एकटा उभा. मी माझ्या मिशीकडे हात नेला आणि तसाच खाली आणला.

तेवढ्यात वसंतरावांनी एक चमचा मागवला. टीपॉयसमोर मांडी घालून बसले, कुकर सुलटा करून ओढून घेतला आणि खणायला लागले. वरचा केक खाल्ला. मग मधला. मग तळाशी पोचले आणि गुळात घोळलेले दाणे खरवडून काढले. आम्ही सगळे बघत होतो. 

"कसा आहे?" मी शेवटी विचारलं. 

"मृणाल," ते म्हणाले, "आणखी चमचे आण. सगळ्यांना. मेस्त्रींनाही."

मग आम्ही सगळे त्या कुकराभोवती बसलो. विहीर खणतात तसे! केक वाफेने असा मऊ झाला होता की मेस्त्री डोळे मिटून खात होता. तळाच्या दाण्यांसाठी हिच्या आणि माझ्या चमच्यांची लढाई झाली. ती जिंकली.

डबा चाटूनपुसून झाल्यावर मी घसा खाकरला. "वसंतराव, चव तर जमली. म्हणजे ओव्हन परत न्या."

"चव जमली," ते म्हणाले. "पण अण्णासाहेब, केक उपडा होणार होता. उपडा झाला काय?"

शब्द म्हणजे शब्द. चौथी झाली नाही म्हणून शब्द फिरवायचा काय? मी स्वतः ओसरीत गेलो, चपलांजवळचा तो खोका उचलला आणि स्वयंपाकघरात आणला. कुरकुर न करता. (ही म्हणते, केली. कण्हण्याला कुरकुर म्हणत नाहीत.)

पण ओव्हन ठेवायचा कुठे? ओटा अरुंद, टेबल लटपटतं. मेस्त्रीने इकडेतिकडे बघितलं, कुकर उचलला, कोपऱ्यात उपडा घातला, वर कडप्प्याचा एक तुकडा सिमेंटने बसवून दिला. असा भक्कम स्टँड झाला की त्यावर हत्ती बसवा! ओव्हन तिथेच बसला, आणि आजही तिथेच आहे.

त्या ओव्हनमधून मृणाल आता कसले कसले केक काढते, आणि सगळे ताटात अलगद पालथे पडतात. मी खातो. कौतुक करत नाही, पण दोनदा घेतो.

आणि जत्रेच्या दिवसांत दरवर्षी कोणीतरी पाहुणा विचारतोच, "अण्णा, तुमचा तो केक शेवटी उपडा झाला की नाही?" मी ताठ मानेने त्याला स्वयंपाकघरात नेतो आणि ओव्हनखाली बोट दाखवतो. "झाला की! तो काय, उपडा आहे. सुनेचे केक चवीला चांगले असतात, नाही म्हणत नाही. पण मजबुती? ती आमच्याच केकात!"