विलायतेच्या बजेटातला दुसरा माणूस

“चार माणसं लिहा,” करीमशेठ म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. “शेठ, गाडी एकच आहे.”

“बैल बी एकच असतो, बाई. म्हणून बाजाराला कुणी एकटं जातं का?”

आमच्या भागात बैल घ्यायला एकटं जात नसत. एक जण दात बघायचा, एक जण चाल बघायचा, एक जण भाव करायचा, आणि चौथा येताना बैलाला चालवत आणायचा. करीमशेठ हीच रीत इंग्लंडला लावत होते. त्यांना तिकडून एक नवी कोरी, भारीतली मोटार आणायची होती आणि त्या प्रवासाचं बजेट मला करायचं होतं.

मुलांनो, तुमच्या आजीची ही पहिली नोकरी. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. मी पुण्याला बी.ए. करून जुन्नरला सासरी आले होते. तुमचे आजोबा तिथल्या शाळेत शिकवत. करीमशेठ हे हिरड्याचे व्यापारी. त्यांना इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. ‘माणूस’ म्हणून बाई आली तेव्हा वखारीतले हमाल दोन दिवस खाली बघून बोलत होते. तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं.

हिरडा तुम्ही पाहिला नसेल. अंगठ्याच्या पेराएवढं, वाळून सुरकुतलेलं, तुरट फळ. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातली माणसं ते गोळा करून वाळवतात. मला तो फक्त खोकल्याचं औषध म्हणून माहीत होता. नोकरीला लागल्यावर कळलं की त्याची पोतीच्या पोती बोटीने इंग्लंडला जातात आणि तिथे टॅनरीत वापरली जातात. टॅनरी म्हणजे कातडी कमावायचा कारखाना. कच्चं कातडं कुजतं. ते हिरड्यासारख्या तुरट फळांच्या पाण्यात मुरवलं की त्याचं टिकाऊ चामडं होतं. ऑफिसात जगाचा नकाशा टांगलेला होता. त्यात आमच्या डोंगरातलं तळेघर गाव कुठेच नव्हतं. तळेघरचा हिरडा मात्र त्या नकाशाच्या दुसऱ्या टोकाला दर वर्षी पोचत होता. मला त्या नकाशाखाली बसून पत्रं लिहिताना रोज नवल वाटायचं.

आता गाडीचं. हिरड्याला लागोपाठ चांगला भाव मिळाला होता. शेठनी परमिट मिळवलं होतं, म्हणजे परदेशी गाडी आणायची सरकारी परवानगी. स्वतः जाऊन गाडी ताब्यात घेतली आणि देशाबाहेर नेली, तर तिथला टॅक्स माफ होता. म्हणून जायचं. गाडीचा कॅटलॉग आला तेव्हा मी हात धुऊन तो उघडला होता. प्रत्येक चित्रावर पातळ कागद होता. तो उचलला की खालून गाडी चमकायची. आत अक्रोडाच्या लाकडाची फळी आणि मऊ चामड्याच्या बैठका. माणसांनी असं काही बनवलंय आणि ते जुन्नरला येणार आहे, हे मला खरंच वाटेना.

पण बजेट बसेना.

अडचण रुपयांची नव्हती. रुपये शेठकडे होते. अडचण पौंडांची होती. इंग्लंडात रुपया चालत नाही आणि त्या काळी पौंड सरकार मोजून द्यायचं. याला म्हणायचे फॉरेन एक्स्चेंज. गाडीच्या किमतीचे पौंड मंजूर होते. माणसांच्या खर्चासाठी जे पौंड मिळणार होते, त्यात जेमतेम एक माणूस बसत होता.

मी चाराचे दोन केले. शेठ कुरकुरले, पण मानले. दोनाचा एक करा म्हटल्यावर त्यांनी पानदान बंद केलं.

“धोंडूला न्यायचंच हाय.”

धोंडूबाबा तळेघरचे. शेठहून थोडे मोठे. शेठचे वडील अचानक वारले तेव्हा शेठ विशीतले होते. दुसरे व्यापारी लगेच डोंगरात माल उचलायला शिरले. तेव्हा धोंडूबाबा घरोघर गेले आणि म्हणाले, यंदा माल पोराच्याच काट्यावर घालायचा. एकही पोतं बाहेर गेलं नाही. वखार वाचली. आणि गेल्या हंगामात तळेघरला मालाचं वजन चालू असताना, सगळ्या डोंगरासमोर शेठ बोलून गेले होते, “आपला हिरडा जिथं जातो तिथं धोंडूला नेऊन दाखवीन.”

बजेट चाललं होतं त्याच आठवड्यात धोंडूबाबा वखारीत आले होते. कॅटलॉग त्यांनी मांडीवर घेतला.

“लई देखणी हाय,” ते म्हणाले. “पर आमच्या डोंगरात हिचं तोंड एका वळणावर आन् शेपूट दुसऱ्या वळणावर ऱ्हाईल.”

“तू तुझं बघ. कपडे शिवायला टाकलेस का?” शेठ म्हणाले.

“ही बाय म्हनती पैसं बसत न्हाईत.” धोंडूबाबांनी माझ्याकडे पाहिलं. “ऱ्हाऊ दे, करीमभाई. लोकं दोन दिस हसतील आन् इसरतील.”

“लोकं इसरतील. मी कसा इसरू?”

धोंडूबाबांनी कॅटलॉगवरचा पातळ कागद हलक्या हाताने परत चित्रावर पसरला.

मग मी कामाला लागले. एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे जे रुपयांत भागवता येईल ते, उजवीकडे ज्याला पौंडच लागतील ते. मग उजवीकडचं एकेक डावीकडे ओढायला सुरुवात केली. बोटीची जाण्यायेण्याची तिकिटं मुंबईतच रुपयांत काढायची, तीही आपल्या देशी कंपनीच्या बोटीची. गाडीचं फ्रेट, म्हणजे बोटीचं भाडं, तिकडे न भरता माल उतरल्यावर मुंबईत भरायचं. इन्शुरन्स मुंबईचा. कस्टम ड्यूटी तर इथेच भरायची होती. जेवणासाठी शेठनी घरून खजूर आणि लाडू न्यायचं ठरवलं. धोंडूबाबांनी नाचणीचं पीठ आणि सुकट.

“सुकट बोटीत उघडू नका,” मी म्हणाले.

“का? समुद्रातलीच हाय की. तिला तिचं गाव दिसंल.”

उजवा रकाना आटत चालला. शेवटी एकच मोठा आकडा उरला. तो होता राहण्याचा खर्च.

“तिथं शून्य लिहा,” शेठ म्हणाले.

“शेठ, हॉटेल फुकट नसतं.”

“हॉटेल कशाला? मालकाच्या घरी ऱ्हायचं.” मालक म्हणजे आमचा हिरडा घेणारा टॅनरीवाला इंग्रज. “ज्याला एवढी वरसं माल घातला त्याच्या गावात जाऊन खोली भाड्यानं घ्यायची? त्याची अब्रू काय ऱ्हाईल?”

“इंग्रज लोकांत आपण होऊन पाहुणं जायची पद्धत नाही.”

“मग आता त्यांना कळंल पद्धत.”

कॉलेजात मला आमंत्रण स्वीकारायचं, नाकारायचं आणि सांत्वनाचं पत्र शिकवलं होतं. स्वतःच स्वतःला आमंत्रण द्यायचं पत्र कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते लिहिणं भाग होतं, कारण परदेशात आपला खर्च कुणी करणार असेल तर त्याचं लेखी पत्र पौंडांच्या ऑफिसात लागायचं. ते पत्र आलं तर धोंडूबाबा जाणार होते. नाही आलं तर नाही. मी किती मसुदे फाडले ते विचारू नका. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं. आमच्याकडे व्यापारी व्यापाऱ्याच्या गावी गेला तर त्याच्या घरी उतरतो. माझे मालक आणि तुमचा हिरडा गोळा करणारे गृहस्थ येत आहेत. तुमच्या घरी दोन खाटा मिळतील का?

पत्र गेलं. मी लाजेने आठवडे काढले.

उत्तर आलं ते हाताने लिहिलेलं होतं. टॅनरीवाल्याने लिहिलं होतं की माझ्या आजोबांपासून आम्ही तुमची पोती फोडतोय, आणि त्यांना हात लावणारी पहिली माणसं कशी असतील हा प्रश्न माझ्या बायकोने मला कितीदा विचारलाय. दोघांनीही यावं. आमच्या घरी राहावं, खर्च आमचा. काय जेवतात ते कळवावं.

मी ते शेठना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, जणू ओतूरहून सोयऱ्याचा निरोप आला होता. मी मात्र ते पुन्हा वाचलं. एवढ्या दूर कुणी बाई आमच्या डोंगरातल्या माणसांचा विचार करत होती, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

मग मुंबई. आमचे क्लिअरिंग एजंट, म्हणजे बंदरातली सरकारी कामं करून देणारे, दिनशाजी नावाचे म्हातारे पारशी होते. त्यांनी अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अरे बाई, हे धोंडू कोण? ऑफिसर विचारणार. सर्व्हंट लिहून टाक ने. शेठलोक सर्व्हंट नेते, लगेच पास होईल.”

मी शेठना सांगितलं. शेठ खुर्चीतून उठलेच.

“ज्यानं माझं घर उभं ठेवलं त्याला मी सरकारदरबारी नोकर लिहू? त्यापरीस गाडी नको.”

“गाडी नको?” दिनशाजींनी चष्मा काढला. “परमिट फाडून टाकणार?”

“फाडीन.”

ते फाडतील याची मला खात्री होती. मी अर्ज पुढे ओढला आणि धोंडूबाबांच्या नावापुढे ‘सप्लायर’ लिहिलं. माल पुरवणारा. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ऑफिसरसमोर बसलो. मी अर्जाबरोबर, शेठ टोपी सावरत, धोंडूबाबा खुर्चीच्या कडेवर. ऑफिसर तरुण होते. मराठीच होते.

“इतकी महागडी गाडी आणणारा माणूस बोटीच्या सगळ्यात खालच्या वर्गाने का चाललाय?”

“साहेब, गाडी बघाया चाललोय. बोट न्हाई,” शेठ म्हणाले.

ऑफिसर हसले नाहीत. “आणि हे सप्लायर काय पुरवतात?”

धोंडूबाबांनी बंडीच्या खिशातून हिरडा काढून टेबलावर ठेवला.

ऑफिसरनी तो उचलला. फिरवून पाहिला. “माझी आई हा उगाळून द्यायची. हा परदेशी जातो?”

“जातो,” मी म्हणाले. “आणि त्याच्या बदल्यात पौंड येतात. हे गृहस्थ पौंड आणणाऱ्यांपैकी आहेत, साहेब. खर्च करणाऱ्यांपैकी नाहीत.”

त्यांनी इंग्लंडचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग सही केली. बाहेर येताना धोंडूबाबा मला हळूच म्हणाले, “बाय, त्यो हिरडा त्यानं ठिवूनच घेतला की.”

ते गेले आणि आले. परत आले तेव्हा मी कस्टमची कागदपत्रं घेऊन मुंबईच्या गोदीत उभी होते. दोघं बोटीतून उतरून माझ्याशेजारी येऊन थांबले. मग बोटीच्या पोटातून क्रेनने गाडी उचलली.

मुलांनो, मी नंतर पुष्कळ गाड्या पाहिल्या. पण ती गाडी आकाशात पाहिली. दोरखंडांच्या झोळीत ती हळूहळू फिरत होती, काळीभोर, आणि तिच्या पोटावर समुद्राचा उजेड हलत होता. गोदीतले हमाल मानेवरची ओझी तशीच धरून वर बघत राहिले. कुणी ओरडलं नाही. शेठ तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते. धोंडूबाबांनी हात जोडले होते. गाडी जमिनीला टेकली तेव्हा एवढासाही आवाज झाला नाही.

मी मागच्या बैठकीवर बसले. चामडं हाताला लोण्यासारखं लागत होतं. धोंडूबाबा पुढून वळून म्हणाले, “बाय, तिथं हौदच हौद व्हतं. विहिरीवानी. दारातच वास आला आन् मी म्हनलं, करीमभाई, आपुन परत घरी आलो का काय? त्या हौदात आपला हिरडा, आन् हौदात कातडी. त्यो मालक म्हनला, असल्याच कातड्याच्या गाद्या मोटारीत घालत्यात.”

त्याच चामड्याची ही बैठक होती की नाही, कोण जाणे. पण मी हात काढून घेतला नाही.

पुण्याहून गाडी जुन्नरला आली. दोन दिवसांनी शेठनी धोंडूबाबांना पोचवायला ती घोडेगावहून डिंभ्यापर्यंत नेली. मीही होते. डिंभ्याच्या पुढे तसल्या गाडीचा रस्ता नव्हता. सगळं गाव भोवती जमलं. धोंडूबाबा गाठोडं घेऊन उतरले. शेठही उतरले.

“तुमी कुठं?” ड्रायव्हरने विचारलं.

“तळेघरला. लोकांसमोर बोललो व्हतो. लोकांसमोर पोचवायला नको का?”

आणि ते दोघं डोंगराच्या वाटेने चालत निघाले. जिच्यासाठी इंग्लंड गाठलं ती गाडी मागे उभी होती आणि दोघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही. मी त्यांना शेवटच्या वळणापर्यंत पाहिलं.

हिशेब जमला. वापरलेले पौंड मंजुरीपेक्षा थोडे कमीच भरले. उरलेले आम्ही परत केले, त्यावर ऑफिसातून ‘असं का’ म्हणून विचारणा आली आणि मला आणखी एक पत्र लिहावं लागलं.

तुम्ही आता तुमच्या ऑफिसांत मोठमोठी बजेटं करता. आजीचा अनुभव एवढाच. काय कापायचं यापासून सुरुवात करू नये. काय कापायचं नाही ते आधी लिहावं, मग बाकीचं आपोआप जागा करून देतं. आणि राहण्याचा खर्च शून्य धरायचा असेल, तर आधी यजमानाला विचारावं.