वरून उतरणारं

माझ्या शिवणवर्गाचं वेबपेज मीच सजवायचं ठरवलं, म्हणून लेकीकडून सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारे नियम लिहायला, शिकते आहे. काल पानाच्या अगदी वरच्या नियमात अक्षरांचा रंग करडा लिहिला, तर खालचा सगळा मजकूर करडा झाला.

"आई, वरचं आपोआप खाली उतरतं," तन्वी म्हणाली. "जिथे नको असेल, तिथे वेगळा नियम लिहायचा."

मी ते वहीत टिपून घेतलं. तेवढ्यात ती उठली आणि गॅसची बटणं चाचपून आली. अर्ध्या तासात तिसऱ्यांदा! तेही माझ्यासारखंच, प्रत्येक बटणावर दोनदा बोट ठेवून. हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं.

सोमवारी ती नोकरीसाठी परगावी जाते आहे, एकटी राहणार आहे. माझ्या यादीत तिची गादी, डबे, औषधं सगळं आहे. ही धास्ती मात्र यादीत न लिहिताच तिच्या सामानात गेली.

"गॅस एकदा बघून येतेस?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं.

"नको. तू बंद केलायस," मी म्हटलं आणि खुर्ची धरून बसून राहिले.

तीही उठली नाही. आम्ही रंग बदलत राहिलो, पण दोघींचे कान स्वयंपाकघराकडेच होते.