लाटून दाखवा

"लाटून दाखवा," असं म्हणून ती कमरेवर हात ठेवायची, आणि समोरचा पुरुष, मग तो मॅनेजर असो की मेस्त्री, रिकाम्या ओट्यावर मुकाट्याने हवेतली पोळी लाटू लागायचा. आमच्या अकाउंटंटला अशा साठ-सत्तर पोळ्या लाटताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या दोन तर टम्म फुगल्या होत्या.

ती आमच्या वसईच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. उंची चार फूट आठ इंच, तीही अंबाड्यासकट. आवाज मात्र असा, की बोर्ड बंद पडला तरी हेड ऑफिसचं काम अडायचं नाही.

नव्वदच्या दशकात आम्हा ऑफिसवाल्यांच्या अंगात आलं. विरारजवळ चंदनसारला एका संस्थेने जागा आणि सामान दिलं, भुईगावचे एक मेस्त्री दिले, आणि गरजू कुटुंबांसाठी बारा घरं बांधायला दर रविवारी आमचे हात. घर मिळणाऱ्यांनीही घमेली उचलायची, पण कुठलं घर कुणाचं याच्या चिठ्ठ्या सगळं बांधून झाल्यावर काढायच्या. नाहीतर आपल्या भिंतीला माया आणि शेजाऱ्याच्या भिंतीला नुसती वाळू. हा नियम तिनेच सुचवलेला. बारा नावांत एक नाव तिचं होतं.

नवरा गेल्यापासून मुलाला घेऊन ती विरारला भाड्याने राहायची. अकरा महिन्यांचा करार संपला की टेंपो बोलवायचा, नवी खोली शोधायची. "चौदा ओट्यांवर स्वयंपाक केलाय मी," ती सांगायची. "चौदाही बाप्यांनी बांधलेले. एकानेही जन्मात पोळी लाटली नसणार." म्हणून आमचा प्रत्येक ओटा तिच्या परीक्षेला बसायचा.

पहिल्या घराचा ओटा माझ्या वाट्याला आला. मी सहा फूट दोन इंच. मेस्त्री जेवायला गेले होते, तेवढ्यात मी माझ्याच कमरेचं माप धरून कडप्पा बसवून टाकला. मेस्त्री परत आले, खालून वर पाहून म्हणाले, "साहेब, हितं भाकरी करनार का झेंडा लावनार?"

त्या रविवारी ती आली नव्हती. पुढच्या रविवारी आली तोवर सिमेंट दगड झालं होतं. तिने ओट्यावर हनुवटी टेकवून पाहिली. फोडायचं म्हणजे कडप्पा जाणार, आणि दुसरा मिळेल याची खात्री नाही. मी गयावया केली, कुणीतरी उंच निघेल म्हटलं. तिला ते पटलं नाही, पण तिने तो फोडायला लावला नाही. आयुष्यात तिने नापास न केलेला तो एकच वाईट ओटा.

माझं मन मला खात होतं. सातव्या घराला मेस्त्री आणि मी गुपचूप तिच्या मापाचा ओटा केला. ती तपासायला आली. कुणालाच लाटून दाखवा म्हटलं नाही. स्वतःच हात फिरवले. खांदा वर उचलावा लागला नाही, कोपर अवघडलं नाही. मग कडप्पा पदराने पुसला आणि बाहेर गेली.

त्याच क्षणी मी ठरवलं, सात नंबर हिलाच. चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा माझ्या हातात होता आणि सातची चिठ्ठी माझ्या मुठीत. तिची पाळी आली की ती वर सोडायची, एवढंच. पण तिने डब्यात हात घालण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. घामाने मी सहा फुटांचा साडेपाचवर आलो होतो.

"मूठ उघडा," ती म्हणाली.

उघडली. तिने चिठ्ठी घेतली, वाचली, डब्यात टाकली आणि डबा खळाखळा हलवला.

मेस्त्री हळूच म्हणाले, "बाय, घे ना. कोनी काय बोलनार नाय."

"बाकीच्या अकराजणींनी घमेली उचलली नाहीत का, मेस्त्री?"

आणि तिने काढली ती चिठ्ठी एक नंबरची. सात नंबर गेला तो एका उंच बाईला, जिला पत्रे ठोकायला शिडी लागायची नाही. ती बिचारी लगेच बदलून द्यायला तयार झाली. पण एक अदलाबदल झाली की दहा होतील आणि पहिल्याच दिवशी भांडणं लागतील, म्हणून आमची बाई नको म्हणाली. मेस्त्रींनी ओटा फोडून खाली घेतो म्हटलं, तर त्यांनाही नको.

"चौदा ओटे लोकांचे होते. हा उंच आहे, पण माझा आहे. हात लावायचा नाही."

ओट्यापाशी तिने दोन विटा ठेवल्या आणि त्यांवर उभी राहून संसार केला. वास्तुशांतीला मला खास बोलावलं, हातात लाटणं दिलं आणि पंचवीस माणसांसमोर म्हणाली, "आता खरी लाटून दाखवा." माझ्या पोळीला अख्ख्या पालघरचा किनारा होता. तीच तिने मला वाढली.

ती जाऊनही आता काही वर्षं झाली. परवा गेलो होतो. सून चांगली उंच आहे, तिला त्या ओट्यावर काही त्रास नाही. विटा मात्र तिथेच होत्या. "पायात येतात म्हणून मी बाजूला सरकवते," सून म्हणाली, "आणि हे कामावरून आले की परत जागेवर ठेवतात."

मी बऱ्याच थापा मारतो, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण त्या दोन विटांना मधोमध एकेक खळगा पडलाय, लहानशा टाचेएवढा. खाली बसून मी त्यात बोट फिरवून पाहिलं.